पट्टा, पुली आणि गोल करवत

शेतावरचा ट्रॅक्टर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे नांगर ओढणारे यंत्र उभे राहते. परंतु ज्या देशात ट्रॅक्टर सामान्य शेतकऱ्याच्या अंगणात प्रथम पोचला त्या अमेरिकेत, साधारणपणे १९२० ते १९५० या तीस वर्षांत, ट्रॅक्टरकडून दोन प्रकारची कामे घेतली जात आणि दोन्ही सारख्याच मोलाची समजली जात. एक काम ओढण्याचे. दुसरे काम जागच्या जागी उभे राहून, कुशीतल्या एका रुंद पुलीवर पट्टा चढवून, दुसरे यंत्र फिरवण्याचे. त्या काळच्या ट्रॅक्टरांच्या नावांतच हा दुहेरी हिशेब मांडलेला असे. 'वॉटरलू बॉय १२-२५', 'मॅकॉर्मिक-डीअरिंग १०-२०' अशी ती नावे. पहिला आकडा ओढण्याच्या अश्वशक्तीचा, दुसरा पट्ट्यावर मिळणाऱ्या अश्वशक्तीचा. दुसरा आकडा मोठा असण्याचे कारण उघड आहे. ओढताना बरीच शक्ती मातीत रुतणाऱ्या आणि घसरणाऱ्या चाकांतच खर्ची पडते. पट्ट्यावर मात्र ती जवळजवळ सगळी हाती लागते.

हे आकडे खरे असत का? नेहमीच असत नाहीत. म्हणूनच नेब्रास्का राज्यात विल्मट क्रोझर या शेतकरी आमदाराच्या पुढाकाराने १९१९ साली कायदा झाला, की ज्या ट्रॅक्टरची सरकारी चाचणी झाली नाही तो राज्यात विकता येणार नाही. पहिली चाचणी १९२० साली 'वॉटरलू बॉय'चीच झाली. विकणाऱ्याच्या जाहिरातीवर विसंबून न राहता घेणाऱ्यांनी मोजमापाची मागणी केली आणि ती कायद्यात उतरवून घेतली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तिचा उपयोग पुढे होणार आहे.

आज मला ज्या जोडीविषयी सांगायचे आहे ती ही: एका बाजूला जुना ट्रॅक्टर, दुसऱ्या बाजूला लाकूड कापणारी गोल करवत, आणि दोहोंच्या मध्ये वीसपंचवीस फूट लांब धावणारा सपाट पट्टा. इंग्रजीत या करवतीला 'बझ सॉ' म्हणतात. बझ म्हणजे भुंग्याचे गुणगुणणे. मोकळी फिरते तेव्हा ती गुणगुणते आणि लाकडाला लागली की किंचाळते. त्या आवाजावरून हे नाव पडले.

गोल करवतीची कल्पना तशी जुनी. इंग्लंडात सॅम्युअल मिलर याने १७७७ साली घेतलेल्या पेटंटात तिचा उल्लेख सापडतो. पण अमेरिकेतल्या शेतावर ती आली ती जळणासाठी. तिकडचा हिवाळा आपल्याकडच्यासारखा चार दिवसांचा पाहुणा नव्हे. घर ऊबदार ठेवायचे आणि चूल चालवायची तर लाकडांचे ढीगच्या ढीग लागत. जळाऊ लाकूड तिथे 'कॉर्ड' या मापाने मोजतात: चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब रचलेला ढीग, म्हणजे १२८ घनफूट. घराला असे अनेक कॉर्ड लागत, आणि हातकरवतीने ते कापणे म्हणजे दोन माणसांचे कित्येक आठवड्यांचे काम. खेड्यांत वीज नव्हती. १९३५ साली ग्रामीण विद्युतीकरणाची सरकारी योजना सुरू झाली तेव्हा दर दहा शेतघरांपैकी सुमारे एकाच घरात वीज होती. हाताने चालवायची साखळी-करवत सर्रास मिळू लागली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. तेव्हा ट्रॅक्टर दाराशी असताना त्याच्या पट्ट्यावर करवत जोडणे हा सरळ मार्ग होता. शेजारीपाजारी एकत्र जमत, एकाची करवत, दुसऱ्याचा ट्रॅक्टर आणि सर्वांचे हात, असे करून एकेका घराचे वर्षाचे जळण दिवसा-दोन दिवसांत कापून टाकीत.

आता या जोडणीतील एकेक भाग पाहू.

प्रथम पट्टा. लोखंडी पुलीवर चामड्याचा किंवा रबर बसवलेल्या जाड कापडाचा सपाट पट्टा आहे. त्याला दात नाहीत, खाच नाही. मग तो फिरवतो कसा? केवळ घर्षणाने. पट्ट्याची एक बाजू ताणलेली असते, दुसरी सैल. या दोन ताणांतील फरक म्हणजे पट्ट्याची ओढ. एक अश्वशक्ती म्हणजे मिनिटाला ३३,००० फूट-पौंड काम. पट्टा मिनिटाला ३,००० फूट धावत असेल आणि २० अश्वशक्ती वाहून नेत असेल तर गणित सोपे आहे: ३३,००० गुणिले २०, भागिले ३,०००, म्हणजे २२० पौंडांची ओढ. दोन माणसांच्या वजनाहून कमी ओढीवर वीस घोड्यांचे काम होते, याचे रहस्य वेगात आहे.

पट्ट्याची पकड पुलीला किती विळखा पडला आहे यावर अवलंबून असते, आणि ती विळख्याच्या प्रमाणापेक्षा अधिक झपाट्याने वाढते. विहिरीवर खुंट्याला दोराचे दोन वेढे दिले की जड बादली एका हाताने धरून ठेवता येते, तेच तत्त्व इथे आहे. अर्धा विळखा असेल आणि घर्षण साधारण असेल तर घसरण्यापूर्वी ताणलेली बाजू सैल बाजूच्या अडीच पट ताण घेऊ शकते. विळखा चाळीस अंशांनी वाढवला तर तिपटीहून अधिक. म्हणून जाणता चालक ताणलेली बाजू खाली आणि सैल बाजू वर ठेवतो. वरची सैल बाजू स्वतःच्या वजनाने झोल खाते, दोन्ही पुल्यांना जास्त कवटाळते, आणि पकड वाढते. पट्टा लांब ठेवण्याचे एक कारण हेच. दुसरे कारण वाफेच्या इंजिनांच्या काळापासून चालत आले आहे: इंजिनाची ठिणगी गवताच्या गंजीपासून दूर राहिली पाहिजे.

करवत उलट्या दिशेने फिरू लागली तर पट्ट्याला मध्ये एक पीळ देऊन तो आठाच्या आकड्यासारखा चढवतात. दिशा उलटते, शिवाय विळखा वाढतो आणि वाऱ्यात पट्ट्याची फडफड कमी होते. हा पीळ दिलेला पट्टा ज्यांनी जुन्या पिठाच्या गिरणीत तेलाच्या इंजिनावर पाहिला असेल त्यांना अधिक सांगायला नको.

पट्टा पुलीवरून घसरून खाली का पडत नाही, हा प्रश्न मला अनेक कामगारांनी विचारला आहे. सहज वाटते की पुलीला दोन्ही कडांना कठडे हवेत. प्रत्यक्षात पुली मध्यभागी किंचित फुगीर ठेवलेली असते, आणि पट्टा त्या फुगवट्यावरून उतरण्याऐवजी त्यावर चढतो. याचे कारण असे. पट्टा थोडा एका बाजूला सरकला की त्याचा काही भाग उतारावर येतो. उतारावर टेकलेला पट्टा पुलीला चिकटताना थोडा वाकतो, आणि त्याचा येणारा भाग उंच बाजूकडे वळतो. पुलीच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर तो थोडा थोडा मध्याकडे जातो आणि मध्यावर आला की स्थिर होतो. मात्र हे घडण्यासाठी दोन्ही पुल्या एका रेषेत हव्यात. त्या वाकड्या असतील तर कोणताही फुगवटा पट्ट्याला वाचवू शकत नाही.

आता पुल्यांचे गणित. हे गणित येथील सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण यात चूक झाली तर ती माणसाच्या अंगावर येते. चालवणाऱ्या पुलीचा व्यास गुणिले तिचे मिनिटाचे फेरे, हे चालणाऱ्या पुलीचा व्यास गुणिले तिचे फेरे यांच्याबरोबर असते. बस्स, इतकाच नियम. एक उदाहरण घेऊ. शेतावर जुनी गोल करवत आहे. पाते तीस इंची, आणि तिच्या आसावरची पुली सहा इंची. ही करवत ट्रॅक्टरच्या आधीच्या काळात, एका सावकाश चालणाऱ्या पेट्रोल इंजिनासाठी बनवलेली. ते इंजिन मिनिटाला ४५० फेरे घेई आणि त्याची पुली सोळा इंची होती. ४५० गुणिले १६, भागिले ६: पात्याचे १,२०० फेरे. तीस इंची पात्याचा परीघ सुमारे ७.८५ फूट, म्हणजे दात मिनिटाला सुमारे ९,४०० फूट धावतात, ताशी १०७ मैल. लाकूड कापायला हा वेग योग्य आहे.

ते इंजिन गेले, आणि घरात ट्रॅक्टर आला. १९३४ पासून १९५२ पर्यंत बनलेला जॉन डीअर कंपनीचा 'ए' नमुना घ्या. त्याचे दोन सिलिंडरांचे इंजिन आडवे बसवलेले, पुली थेट इंजिनाच्या मुख्य आसाच्या टोकावर, म्हणून पुलीचे फेरे इंजिनाइतकेच, मिनिटाला ९७५. पुलीचा व्यास सुमारे पावणेतेरा इंच. आता तीच जुनी करवत तशीच्या तशी जोडली तर? ९७५ गुणिले १२.७५, भागिले ६: जवळजवळ २,०७० फेरे. दात ताशी १८५ मैलांनी धावू लागले. आणि पात्याला बाहेर फाडू पाहणारा ताण वेगाच्या नव्हे, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पावणेदोन पट वेगाला तो तिपटीच्या जवळ जातो. पाते जुने आहे, दातांच्या खोबणीत कुठे केसासारखी चीर आहे, आणि बनवणाऱ्याने ते ज्या वेगासाठी बनवले त्याच्या कितीतरी पुढे ते फिरते आहे. पाहणाऱ्याला मात्र काय दिसते? करवत झकास चालली आहे, लाकूड लोण्यासारखे कापते आहे! धोका डोळ्यांना दिसत नाही. तो कागदावर गणित केले तरच दिसतो. उपाय सोपा आहे. करवतीच्या आसावर सहाऐवजी दहा इंची पुली बसवा. फेरे १,२४० च्या आसपास येतात आणि सर्व काही पुन्हा मर्यादेत येते. एका पुलीच्या किमतीचा प्रश्न असतो.

पात्याविषयी थोडे. आडवे ओंडके तोडायच्या करवतीचे दात टोकदार असतात. लाकूड उभे चिरायच्या करवतीचे दात पटाशीसारखे. दात एकाआड एक उजवीकडे-डावीकडे किंचित वाकवलेले असतात, म्हणजे कापाची रुंदी पात्याच्या जाडीपेक्षा जास्त होते आणि पाते लाकडात घासत नाही. हे वाकवणे कमी झाले, किंवा दात बोथट झाले, की पाते तापते, कडेला प्रसरण पावते आणि डुलू लागते. पाते आसावर दोन जाड लोखंडी चकत्यांच्या मध्ये दाबून बसवतात आणि आट्यांच्या नटाने आवळतात. नटाच्या आटीची दिशा अशी निवडलेली असते की लाकडाच्या अडथळ्याने तो सैल होण्याऐवजी घट्ट व्हावा. म्हणून पट्ट्याला पीळ देताना करवत योग्य दिशेने फिरते आहे ना, हे पाहणे केवळ कापण्यासाठी नव्हे तर नटासाठीही जरूर आहे. योग्य दिशा म्हणजे माणसाच्या समोरच्या बाजूला दात खाली येतात आणि ओंडक्याला मेजावर दाबतात. उलट फिरली तर ओंडका उचलून तोंडावर फेकतील. आसाच्या दुसऱ्या टोकाला बहुधा एक जड बिडाचे चाक असते. ओंडक्याची गाठ आडवी आली की ते आपली साठवलेली गती खर्चून करवतीला पुढे रेटते. तो त्याचा गुण. आणि पट्टा सुटल्यावरही तेच चाक पात्याला बराच वेळ फिरवत ठेवते, तो त्याचा दोष.

आता मांडणीचा क्रम. जमीन सपाट हवी, पायाखाली बर्फ, साल, फळकुटे असता कामा नयेत. वारा असा हवा की भुसा चालवणाऱ्याच्या डोळ्यांत जाणार नाही. करवतीची चौकट खुंट्यांनी जमिनीत पक्की ठोकायची, नाहीतर पट्टा तिलाच ओढून नेईल. पाते हाताने सावकाश फिरवून दात न् दात पाहायचा. लाकडी दांडक्याने हलकेच ठोकले असता चांगले पाते घणघणते, चिरलेले पाते बद्द वाजते. बेअरिंगांना तेल द्यायचे. मग ट्रॅक्टर करवतीकडे तोंड करून, दोन्ही पुल्या एका रेषेत येतील असा उभा करायचा, पट्टा चढवायचा, आणि ट्रॅक्टर हळूहळू मागे घेत पट्टा ताणायचा. ब्रेक लावून चाकांना पुढून-मागून ठोकळे द्यायचे. पट्ट्याला ताण किती द्यायचा याचे माप असे की ओझ्याखाली तो घसरू नये; त्याहून जास्त दिलेला ताण बेअरिंग खातो. पट्टा घसरू लागला की त्यावर राळ टाकण्याची सवय पुष्कळांना असते. तेवढ्यापुरती पकड येते आणि पट्टा कायमचा खराब होतो.

सुरुवात इंजिन मंद ठेवून, क्लच अलगद लावून. पट्टा पुलीच्या मध्यावर बसतो आहे असे दोन-चार फेऱ्यांत दिसले की मग वेग वाढवायचा. या वेळी पट्ट्याच्या रेषेत आणि पात्याच्या रेषेत कुणीही उभे राहायचे नाही. कापताना ओंडका झुलत्या मेजावर ठेवून पात्याकडे ढकलतात. रेटायचे नाही, करवतीला तिच्या गतीने खाऊ द्यायचे. ओझे आले की इंजिनाचा गव्हर्नर, म्हणजे फिरत्या गोळ्यांचा तो नियामक, आपोआप इंधन वाढवतो आणि इंजिनाचा आवाज भरदार होतो. कापणे संपताच तो पुन्हा हलका होतो. अनुभवी चालक डोळ्यांपेक्षा कानांनी काम करतो. लांब ओंडक्याचे मागचे टोक दुसऱ्या माणसाने उचलून धरलेच पाहिजे. ते खाली कलले तर पाते चिमटते आणि ओंडका उसळतो. वाकडा ओंडका मेजावर फिरू शकतो आणि त्याच्याबरोबर धरणाऱ्याचा हातही फिरतो.

या जोडणीचा एक मोठा गुण सांगितला पाहिजे. पाते अडकले तर सपाट पट्टा घसरतो किंवा पुलीवरून उडून पडतो. धक्का सगळाच्या सगळा पात्यावर किंवा इंजिनावर जात नाही. पुढे ट्रॅक्टरच्या मागे मिनिटाला ५४० फेऱ्यांचा शक्तिदंड आला आणि पट्ट्याची पुली हळूहळू नाहीशी झाली. दंड घसरत नाही. त्याला शरीर अडकले तर तो थांबतही नाही. नवे ते सर्वच बाबतीत सुरक्षित असते असे नव्हे.

परंतु पट्ट्याच्या जोडणीचे मूळ वैगुण्य कुठे आहे? ते लोखंडात नाही, अंतरात आहे. करवतीपाशी उभा असलेल्या माणसाच्या हाताला यंत्र बंद करण्याचा दांडा नाही. तो दांडा वीसपंचवीस फुटांवर ट्रॅक्टरवर आहे, आणि मध्ये इतका आवाज आहे की किंकाळी ऐकू जात नाही. धोका एकाच्या पुढ्यात, आणि अंमल दुसऱ्याच्या हातात. म्हणून जाणत्या मंडळींचा दंडक असे की ट्रॅक्टरवर एक माणूस पूर्ण वेळ बसेल, त्याची नजर करवतीवरून हटणार नाही, आणि हात वर झाला की तो प्रश्न न विचारता क्लच सोडेल. पण माणसे कमी असली की सर्वांत आधी याच माणसाला उठवून लाकडे उचलायला लावतात, कारण तो 'नुसता बसलेला' दिसतो. ज्यांनी कारखान्यात दिवस काढले आहेत त्यांना हा तर्क परका वाटणार नाही.

रॉबर्ट फ्रॉस्ट या अमेरिकन कवीची 'आउट, आउट' या नावाची कविता १९१६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात एका अंगणात संध्याकाळी बझ सॉवर काम करणाऱ्या मुलाचा हात जातो आणि त्यात त्याचा अंत होतो. त्या कवितेत कारखाना नाही, मालक नाही, मजुरीचा हिशेब नाही. घरचेच काम, घरचीच माणसे. आणि नेमके याच ठिकाणी कायदा मागे उभा राहतो. अमेरिकेत १९७० साली कामगारांच्या सुरक्षिततेचा मोठा कायदा झाला. पण १९७६ पासून तिथली संसद दरवर्षीच्या खर्चाच्या मंजुरीत अशी अट घालत आली आहे, की दहा किंवा त्याहून कमी कामगारांच्या, मजुरांची तात्पुरती छावणी नसलेल्या शेतांवर त्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी हा पैसा वापरायचा नाही. सोळा वर्षांखालच्या मुलांना शेतावर गोल करवतीचे काम देण्यास तिथे मनाई आहे. परंतु आईबापांच्या स्वतःच्या शेतावर ही मनाई लागू नाही. पात्याला मात्र बाप कोण आणि मालक कोण हे कळत नाही.

आपल्याकडे पट्ट्याचा इतिहास गिरण्यांतून आला. एका इंजिनावर एक लांब आस, आसावर ओळीने पुल्या, आणि प्रत्येक पुलीवरून खाली यंत्रावर उतरणारा पट्टा, हे मुंबईच्या जुन्या गिरण्यांचे चित्र. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यातच धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद होती. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली झालेल्या कारखाना कायद्यात पट्ट्यांविषयी बारीकसारीक नियम होते: चालू यंत्राजवळ तेल-पाणी करणारा माणूस खास शिकवलेला आणि अंगाबरोबर कपडे घातलेला असावा, ते कपडे मालकाने द्यावेत, वापरात नसलेला पट्टा फिरत्या आसावर टेकून ठेवू नये, पट्टा आपोआप चालू पुलीवर सरकू नये अशी व्यवस्था असावी. यातली प्रत्येक ओळ कुणाच्या तरी हाताच्या किंवा प्राणाच्या मोलाने लिहिली गेली आहे, असे मी कामगारांना नेहमी सांगत आलो. पण तो कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या जागेत दहा माणसे असली तरच लागू होई. २०२० साली संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षितता संहितेत तो आकडा वीसवर नेला गेला. चार माणसांच्या लाकडाच्या वखारीतली करवत दहाच्याही बाहेर होती आणि वीसच्याही बाहेर आहे. शेतावरच्या यंत्राकडे आपल्या संसदेने लक्ष दिले ते मळणी यंत्रांत हात जाऊ लागल्यावर. त्यासाठी १९८३ साली धोकादायक यंत्रांविषयी वेगळा कायदा करावा लागला.

हात गेल्यावर काय मिळते, तेही पाहून ठेवा. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात, ते पुढे दुरुस्त झाले त्या स्वरूपात, अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली असे धरले जाई. एका हाताची चार बोटे गेली तर ५० टक्के. अंगठ्यासह पाचही गेली तर ६० टक्के. अशा चौकश्यांत बसण्याचा प्रसंग मला पुष्कळदा आला. तिथे पहिला प्रश्न बहुधा एकच असे: 'तुझा हात तिथे गेलाच कसा?' पात्यावरचे झाकण कुठे होते, पुली कोणत्या मापाची होती, फेरे कुणी मोजले होते, बंद करण्याच्या दांड्यापाशी माणूस होता की नव्हता, हे प्रश्न विचारायला दुसरा कुणीतरी लागे. हात तिथे जातो, कारण काम तिथे असते. दिवसभरात हजार वेळा पात्याजवळ जाणारा हात एकदा चुकणार, हे गृहीत धरूनच यंत्र बांधले पाहिजे. माणसाची सावधगिरी दमते. लोखंडाचे झाकण दमत नाही.

अमेरिकेत आज जुन्या ट्रॅक्टरांचे मेळे भरतात. आयोवातल्या माउंट प्लेझंट येथला मेळा तर १९५० पासून भरतो. तिथे हौशी मंडळी पट्टे चढवतात, करवती गुणगुणतात, आणि म्हातारी माणसे नातवंडांना पुलीचे गणित समजावतात. काही शेतांवर ही जोडी अजून जळणही कापते. त्यात वावगे काही नाही. जुने यंत्र उघडे असते, त्याचा प्रत्येक भाग डोळ्यांसमोर फिरतो, आणि शक्ती कुठून निघून कुठे जाते हे शिकायला त्याच्यासारखी दुसरी शाळा नाही. मात्र ही शाळा चालवायची तर तिची फी आधी भरली पाहिजे: पात्याच्या वरच्या आणि मागच्या बाजूला पक्के झाकण, पट्ट्याभोवती कठडा, फेऱ्यांचे गणित कागदावर, आणि दांड्यापाशी एक माणूस.

आपल्या गावात सपाट पट्ट्याची यंत्रे आता थोडी राहिली असतील. पण मळणी यंत्र आहे, कडबा कापायचे यंत्र आहे, उसाचा चरक आहे, वखारीतली करवत आहे. या चारही ठिकाणी उभे राहून तीन प्रश्न विचारता येतात, आणि त्यासाठी इंजिनिअर असावे लागत नाही. हे यंत्र ज्या वेगासाठी बनले त्याच वेगाने फिरते आहे का? फिरत्या भागावर झाकण आहे का? आणि ज्याचा हात धोक्यात आहे त्याच्या हाताला यंत्र थांबवता येते का? नेब्रास्काच्या शेतकऱ्यांनी पूर्वी 'मोजून दाखवा' असे म्हटले, तेव्हा आकडे खरे झाले. या तीन प्रश्नांची उत्तरेही विचारणारे मिळाले तरच खरी होतील. आणि विचारणारा नेहमी त्या यंत्रावरचाच असला पाहिजे असे नाही. दळण घेऊन रांगेत उभा असलेला माणूसही ते विचारू शकतो.